भिंतीमागचं बाकडं

वेळ सकाळी साडेसहा. ठिकाण दौंड स्टेशन. माझ्या हातून भास्करची पेटी सुटली आणि भोकं पाडलेली शेकडो कार्डं फलाटभर पसरली. वार्ताहराच्या वहीत न छापलेलंच जास्त साचतं. माझ्या वहीत भास्कर साचलाय.

भास्कर मांडवगण फराट्याचा, माझा कॉलेजचा मित्र. एका सरकारी प्रयोगशाळेत कॉम्प्युटरवर गणितं करायचा. ती कार्डं म्हणजे त्याचा प्रोग्राम. क्रम चुकला की सगळं फुकट! मी घाबरलो, तो हसला. गठ्ठ्याच्या कडेवर त्याने शाईची तिरकी रेघ मारून ठेवली होती. रेघ जुळली की क्रम जुळला. तासभर आम्ही गुडघ्यांवर बसून रेघ जुळवत होतो.

हमाल म्हणाला, “सायेब, एवढे पत्ते? डाव कुणावर हाय?”

*

घरी त्याच्या वडिलांनी, आबांनी, विचारलं, “नेमकं काम काय रं तुझं?”

“आबा, अणुभट्टीतून न्यूट्रॉन नावाचे कण सुटतात. ते अडवायला भोवती भिंत असते. समजा, बाभळीच्या बनात शेळ्या सोडल्या. कुठली अडकेल, कुठली वळेल, ते फासे टाकून ठरवायचं. कॉम्प्युटर फासे टाकतो. पलीकडं किती निघाल्या, ते मोजायचं.”

“म्हंजी सरकार तुला फासे खेळायचा पगार देतंय!” मग आबा म्हणाले, “आन् निघालेल्या शेळ्या?”

“पलीकडच्या माणसाच्या अंगात शिरतात.”

“मंग भिंत जाड बांधा की!”

*

पुढे एका नव्या अणुभट्टीच्या भिंतीचं गणित भास्करच्या साहेबांनी केलं. मशीनवर वेळ थोडा, म्हणून कण थोडेच सोडले. एकही पलीकडे गेला नाही. साहेबांनी अहवालात लिहिलं, ‘गळती शून्य’!

भास्कर म्हणाला, “सर, शंभर शेळ्यांतली एकही निघाली नाही, म्हणून वाट बंद आहे असं होत नाही. लाख सोडा.”

साहेब म्हणाले, “तुम्ही शेळ्याच राखायच्या होत्या.”

भास्करने सुट्टीच्या दिवशी मशीन मागून घेतलं, लाख सोडले. निघाले! भिंत आणखी हातभर जाड हवी होती. वर गेला तो साहेबांचाच अहवाल. भास्करची बदली झाली.

*

मी बातमी लिहिली. संपादकांनी विचारलं, “न्यूट्रॉनचा फोटो आहे का?”

मी टेबल आपटलं, आवाज चढवला. आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराची बातमी आणायला गेलो. ते टेबल आपटणं आठवलं की आजही लाज वाटते.

ज्या कार्डांवर लाख कणांचं गणित झालं, ती पेटी आबांच्या फडताळात आहे. रेघ अजून जुळलेली. मी गेलो की आबा विचारतात, “काय रिपोर्टर, केली का वो भिंत जाड?”

*

त्या भट्टीच्या उद्घाटनाला पत्रकारांना बोलावलं होतं. साहेबांनी भिंत दाखवली, टाळ्या झाल्या. मी वळसा घालून मागे गेलो. तिथे भिंतीला टेकून एक लाकडी बाकडं होतं. बाकड्यावर जेवणाचा डबा आणि घडी घातलेला टॉवेल.

“इथं कोण बसतं?” मागोमाग आलेल्या साहेबांना मी विचारलं.

“आधी पेढा घ्या,” साहेब म्हणाले.

त्यानंतर मी प्रयोगशाळेला तीन पत्रं पाठवली. तिथे कोण बसतं, हे मला अजून कुणीही सांगितलेलं नाही.