इंदूमावशी श्वास कुठे घ्यायची

डोळे मिटतात तेव्हा बाहेर रंगमंचावर कुणीतरी मोठे स्पीकर तपासून बघतंय. धम्, धम्, धम्, धम्. प्रत्येक ठोक्याला रंगपटातल्या या जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा माझ्या पाठीखाली हुंकारतात. दुपारचं पिवळं ऊन पडद्यातून गाळून येतंय. झोपायचं नाही, नुसतं पडायचं, असं मी स्वतःला बजावते, आणि बजावता बजावताच पाय हलके होतात.

आज संध्याकाळी मँचेस्टरच्या या थिएटरात इंदूमावशीच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. इंदुमती रणपिसे, जगासाठी नुसती इंडी. माझ्या आईची धाकटी बहीण. लेस्टरच्या मोज्यांच्या कारखान्यात मशीन चालवणाऱ्या बाईची ही लेक आधी ‘सोल’ या संथ, आर्त ढंगाची गाणी गायची, मग क्लबात नाचायच्या ‘हाउस’ संगीताच्या ठोक्यावर गायला लागली, आणि एका उन्हाळ्यात सगळं इंग्लंड तिच्या गळ्यावर नाचलं. ती गेली त्याला आता वर्ष होईल. त्या उन्हाळ्याचं ते गाणं आज मी गाणार आहे. त्याच्या शेवटी एकच शब्द येतो, ‘स्टे’. थांब. तो चढत जातो, आणखी चढत जातो, आणि मध्ये कुठेही श्वास नाही. सकाळच्या तालमीत मी दर वेळी अर्ध्यावरच तुटले. कीबोर्डवरचा डेस्मंड, मावशीचा सगळ्यांत जुना साथीदार, माझ्याकडे न बघता म्हणाला, “तेवढ्यापुरती तिचीच टेप लावू. तू फक्त ओठ हलव.”

फक्त ओठ हलव. मावशीच्या पहिल्या गाजलेल्या गाण्याचं असंच झालं होतं. आवाज तिचा, आणि व्हिडिओत ओठ हलवणारी सोनेरी केसांची मॉडेल. रेकॉर्डवर मावशीचं नावसुद्धा नव्हतं. आजी टीव्हीसमोर कपाळाला हात लावून म्हणाली होती, “माझ्या लेकीचा गळा घालून ही कोण बया मिरवतेय?”

आता माझे ओठ, आणि पुन्हा तिचा गळा.

धम्, धम्.

“सरक की जरा. सगळा सोफा तुझ्या बापाचा आहे का?”

मी पाय आखडून घेते. पायथ्याशी मावशी बसते आणि चंदेरी बूट ओढून काढायला लागते. ते निघत नाहीत. तिला शेवटचं पाहिलं तेव्हा मनगट काडीसारखं होतं. आता बांगड्या गच्च बसल्यात.

“मावशी, तू गेलीस ना?”

“गेले तर. ओढ हा बूट.”

मी ओढते. बुटातून झुळकेसारखी चहाच्या मसाल्याचा वास येतो, आणि रंगपटाचं दार उघडायला उठते तर समोर आजीचं लेस्टरचं स्वयंपाकघर. खिडकीला तीच निळी जाळी. ओट्यावर पातेलं उकळतंय, पण त्यातून वाफ नाही, टाळ्या येतायत, लांबून, भरलेल्या सभागृहातल्या.

“मला तो शेवट जमत नाही,” मी म्हणते. “तू एका श्वासात कशी गायलीस गं?”

मावशी पातेल्यावर झाकण ठेवते. टाळ्या थांबतात.

“कोण म्हणतं एका श्वासात?”

“सगळं जग म्हणतं.”

“जगाला काय जातंय म्हणायला.” ती हसते, दाताच्या फटीतून, शिट्टीसारखं. “अर्धं मंगळवारी गायले, अर्धं शुक्रवारी. मधे मला खोकला झाला होता. स्टुडिओतल्या पोरांनी दोन तुकडे चिकटवले आणि माझा श्वास कापून टाकला. रेकॉर्डवर मी आहे, शरू, पण माझा श्वास नाही. ते गाणं एका दमात गायलेली बाई जन्मालाच आलेली नाही.”

वर्षभर मी ज्या भिंतीवर डोकं आपटतेय, ती भिंतच नाही.

“मग तू रंगमंचावर गायचीस ते? इतकी वर्षं?”

“चल, दाखवते.”

ती फ्रिज उघडते आणि वाकून आत शिरते. मीही तिच्या मागे. गार, आणखी गार, आणि मग एकदम हजार माणसांचा घाम. हे मासळीचं जुनं शीतगृह, ज्याचा क्लब झाला, जिथे मावशी पहिल्यांदा गायली. तिच्या तोंडून शंभरदा ऐकलेली जागा. भिंतींवर अजून बर्फ, आणि लोकांच्या अंगातून वाफा. दारावरचा धिप्पाड माणूस माझा हात धरतो आणि मागच्या बाजूला ठप्पकन शिक्का मारतो. जांभळी मासळी.

“पुसू नकोस हं,” मावशी माझ्या कानात ओरडते. “बाहेर गेलीस तर परत आत यायला हाच लागतो.”

मंचावर, जिथे डीजे उभा राहतो तिथे, आजी बसलीय. पुढ्यात कारखान्यातलं तिचं मशीन. पायाखाली पट्टी दाबली जाते आणि क्लब हलतो. धम्, धम्, धम्, धम्. आजी मान खाली घालून, कारखान्यात गायची तशीच, गातेय.

*सुई चालते चालते, दोरा सरता सरंना,*
*लेक गाते परमुलखी, सूर घरात मावंना.*

“हा ठोका मला इंग्रजांनी शिकवला असं पेपरात छापून आलं होतं,” मावशी म्हणते. “तुझी आजी महिनाभर बोलली नाही माझ्याशी.”

मग ती पुढे होते, आणि आवाज येतो. तो आवाज. माझ्या हाताचे केस उभे राहतात, पायांना आपोआप ठेका लागतो. ‘स्टे’ चढायला लागतो, चढतो, मी जिथे तुटते तिथवर येतो, आणि बरोबर त्या जागी मावशी हात लांब करून माईक लोकांकडे धरते. हजार गळे तो शब्द उचलून घेतात. त्यांच्या गजराआड तिचे खांदे खाली येतात, फासळ्या उघडतात. ती पोटभर श्वास घेते, माझ्याकडे बघून डोळा मारते, माईक परत ओढते आणि उरलेली चढण चढून जाते.

मला ते दृश्य पाठ आहे. प्रत्येक फोटोत तेच आहे, लांब केलेला हात. “इंडी किती प्रेमळ, लोकांना गायला देते,” असं सगळे म्हणायचे.

“प्रेम नव्हतं ते?” मी विचारते.

“दम लागायचा गं.” ती कपाळावरचा घाम पुसते. “आणि मग वर्षं गेली तसं प्रेमही झालं. त्यांनी मला धरलं नसतं तर पडलेच असते ना मी.”

“आणि आज त्यांनी उचललंच नाही तर?”

“तर शांततेत श्वास घे. कुणी मारत नाही.” ती माझा शिक्क्याचा हात आपल्या घामेजल्या हातात घेते. “पण टेप लावू नकोस, शरे. त्या सोनेरी बयेसाठी एकदा गायले तेवढं पुरे. तुझ्यासाठी तू गा.”

“थांब ना जरा,” मी म्हणते.

“तेच तर गायचंय तुला,” ती म्हणते. आजी मशीनवरून मान न उचलता दोरा तोडते.

धम्.

पडदा, ऊन, सोफा. दारावर टकटक. डेस्मंड डोकं आत घालतो.

“प्रेक्षकांना आत सोडतायत. टेप लावून ठेवू का?”

“नको.” माझा आवाज झोपेनं जाड झालाय, पण पोटातून येतोय. “चढणीच्या मध्यावर मी माईक लोकांकडे धरेन. तेव्हा तुम्ही वाजवत राहा.”

तो माझ्याकडे बघत राहतो. मग हळूहळू त्याच्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर हसू पसरतं. “तिनं सांगितलं वाटतं तुला. आम्हाला सगळ्यांना तंबी होती, मेलो तरी बोलायचं नाही.”

तो जातो. मी पाणी प्यायला हात पुढे करते, आणि पेला तसाच राहतो. हाताच्या मागच्या बाजूला जांभळी मासळी आहे, शेपटीपाशी किंचित फिसकटलेली. मी अंगठा फिरवून बघते. शाई ओली आहे.

पुसत नाही. त्याच हातात माईक घेते आणि बाहेर ठोका सुरू झालाय तिकडे निघते.