कोळशातली आमरी

शेषराव मेळघाटात फॉरेस्ट गार्ड होता. साहेबांच्या बंगल्यासाठी आमरी, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड, काढायला तो मोहाच्या झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. कमरेखालचं अंग गेलं. त्याची बायको केशरबाई त्याला अमरावतीच्या घरी घेऊन आली. ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन्नची.

पुढच्या वर्षी त्याचा नोकरीतला सोबती पुंजाराम भेटायला आला, तेव्हा त्याने ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच जातीचं एक रोप आणलं. केशरबाईचा चेहरा उतरला.

"हे कावून आणलं, भाऊ?"

"मीच सांगितलं होतं," शेषराव बाजेवरून म्हणाला. "फूल जवळून पाहाचं राहून गेलं."

तिने रोप कुंडीत लावलं. शेतातली काळी माती, वर शेणखत. पावसाळ्यात पानं पिवळी पडली. उपटून पाहिलं तर मुळं कुजून मऊ झालेली.

"केशर, ते कपाशीची पऱ्हाटी नव्हे. झाडाले धरून राहते ते. मुळीले हवा पायजे."

"मंग आधी सांगाचं ना."

"तू रागात होती."

तिने सडलेली मुळं कापली आणि चुलीतल्या कोळशाचे तुकडे कुंडीत भरले. सडणं थांबलं, पण उन्हाळ्यात कोळशाला ओल धरवेना, पानं सुरकुतली. तिकडे पडून पडून शेषरावच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. त्याला कुशीवर वळवायचं, जखमा धुवायच्या, मग कुंडीवर पाणी शिंपडायचं, यातच तिचा दिवस सरायचा. शेवटी तिने कोळशात विटांचे खडे आणि नारळाचा काथ्या मिसळला. काही दिवसांनी काथ्यातून हिरव्या टोकाचं एक मूळ बाहेर आलं. तिने कुंडी उचलून त्याला दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला.

फुलाचा दांडा आला एकसष्टच्या ज्येष्ठात. तोवर जखमा चिघळून शेषरावला ताप चढला होता. फूल उमललं त्या सकाळी तिने कुंडी त्याच्या उशाशी ठेवली.

"पाहा, आलं."

त्याने डोळे उघडले. फुलाकडे पाहताच तो घाबरला आणि तिचा हात घट्ट धरून म्हणाला, "पुंजाराम, चढू नको. फांदी कच्ची आहे."

"मी केशर आहो."

"साहेबाले सांग, भेटलं नाही म्हणून."

ती कुंडी बाहेर ठेवून आली. दोन दिवस तो तेच बोलत राहिला, मग बोलणं बंद झालं आणि तो गेला.

केशरबाई अकोटला भावाकडे राहायला गेली, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागली. कुंडी तिने सोबत नेली. काथ्या कुजला की ती तो बदलायची. फूल आलं तर घरातली पोरं तिला बोलवायची. ती हातातलं काम सोडून जायची नाही.