तेरा नंबरचं तिसरं गुणसूत्र

‘ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया,’ डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ‘रक्ताचा कॅन्सर. आजच ॲडमिट व्हायचं.’ ह्यांनी विचारलं, ‘म्हणजे सोमवारी कामावर जाता येणार नाही का?’ मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.

हे म्हणजे माझे पती. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करतात. वय अठ्ठेचाळीस. आम्हाला एक मुलगी आहे. मी सोलापुरातच एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जो घोळ झाला तो माझ्या विज्ञानानंच केला.

आधीचा महिनाभर दात घासताना रक्त यायचं. नडग्यांवर काळेनिळे डाग. हे म्हणायचे, मागाला लागलं असेल. भवानी पेठेतल्या आमच्या घराचा जिना चढताना मध्येच थांबायला लागले, तेव्हा मी पित्ताचं निदान करून मोकळी झाले. तुमच्या घरी असं काही दिसलं तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका. सीबीसी करून घ्या. म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. साधी तपासणी असते.

दुसऱ्या दिवशी बोन मॅरो झाली. कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढतात. त्याच नमुन्यातून कॅरिओटाइप नावाची आणखी एक तपासणी जाते. त्यात आजारी पेशींमधली गुणसूत्रं बघतात. तिला दोन आठवडे लागतात. तोवर केमो सुरू झाली, सात दिवस एक औषध आणि त्यातले तीन दिवस लाल रंगाचं दुसरं. लाल औषध चढताना हे बाटलीकडं बघत बसायचे. तोंडात फोड आले, ताप एकशे तीनवर गेला. कारखान्यातली माणसं पाळी संपली की प्लेटलेट द्यायला येऊन बसायची. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

मग रिपोर्ट आला. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात. ह्यांच्या पेशींत सत्तेचाळीस निघाली. तेरा नंबरची जोडी असते, तिथं तीन होती. त्याला ट्रायसोमी तेरा म्हणतात.

मॅडम हळू बोलल्या. ‘या कॅन्सरमध्ये हे एकटंच जास्तीचं गुणसूत्र क्वचित सापडतं. मी आजवर एकच पेशंट असा पाहिलाय.’

त्या पेशंटचं काय झालं, हे मी विचारलं नाही.

‘केमोनं आजार उतरेल कदाचित,’ त्या म्हणाल्या, ‘पण हा परत येतो. तो यायच्या आत ट्रान्सप्लांट व्हायला हवं. सख्ख्या भावाचं सँपल लवकर द्या.’

ट्रान्सप्लांट म्हणजे दुसऱ्या माणसाच्या मूळ पेशी रुग्णाला देणं. भावंडांत त्या जुळण्याची शक्यता चारात एक. आणि ह्यांना एकच भाऊ. माळशिरसला असतो, ऊस आहे, नाव दत्ता.

त्याच दुपारी दत्ताभाऊजी आणि माझी जाऊ शालन भेटायला आले. शालननं विचारलं, ‘ताई, ह्ये जादाचं आलं कुटनं?’ झालं. फळ्यासमोर उभी असल्यासारखी मी सुरू झाले. एक्स-रेच्या पाकिटावर आकृती काढली. तेवीस आईकडून, तेवीस वडिलांकडून. एक जास्तीचं आलंय म्हणजे दोघांपैकी कुणाकडून तरी आलंय. तास चांगला झाला, असंही मनात येऊन गेलं. शालन त्या पाकिटाकडं बघत राहिली. भाऊजी निघताना म्हणाले, ‘वहिनी, उसाला तोड आलीय. झाली की येतो की.’

महिन्याभरानं हे रेमिशनमध्ये आले. म्हणजे तपासणीत आजार दिसेना. बरं होणं वेगळं, हे मॅडमनी दोनदा बजावलं. केमोचा पुढचा हप्ता सुरू झाला. हे घरी येऊन भाकरी कुस्करून खायला लागले, पण मला त्यांच्या प्रत्येक शिंकेची भीती वाटायची. भाऊजींचा पत्ता नव्हता. फोन शालन उचलायची. ‘रानात हायत.’ सकाळी रानात, संध्याकाळी रानात. मी चिडले, पण नेट लावून बोलावलंही नाही. माझ्याच हिशेबानं तो दोष त्यांच्या रक्तातही असणार होता.

सहाव्या आठवड्यात मॅडमनी विचारलं, ‘भाऊ अजून का आले नाहीत?’

मी म्हटलं, ‘पण मॅडम, ते गुणसूत्र त्यांच्यातही असेल ना? आईवडील तेच.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘हे जन्मापासूनचं नाही. वाढत्या वयात कधीतरी एका पेशीची वाटणी चुकली आणि तिचीच पिलावळ झाली. ते फक्त आजारी पेशींत आहे. भावात नाही, तुमच्या मुलीत नाही. आनुवंशिक आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘मीच सांगितलं,’ मी म्हणाले, ‘सगळ्यांना.’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं माळशिरस गाठलं. भाऊजी घरातच होते. त्यांची मुलगी रूपाली, तिची सुपारी फुटायची होती. स्थळ शेजारच्या गावातलं, चांगलं. मग मला सगळं उमगलं.

शालन म्हणाली, ‘ह्यांचं रगात तपासलं न् त्यात बी त्ये निघालं, तर माझ्या पोरीला कोन करंल?’

‘शालन, मी चुकीचं सांगितलं होतं.’

‘तुमी मास्तरीनबाई. तवा खरंच चुकला, का आता गरज हाय म्हनून तसं म्हनता?’

भाऊजी मान खाली घालून म्हणाले, ‘वहिनी, दादासाठनं जीव दीन मी. पन पोरीचं कसं करू?’

तोवर आत असलेली रूपाली बाहेर आली. ‘काकू, डॉक्टरला फोन लावा. आमाला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.’ मॅडमनी ओपीडी थांबवून दहा मिनिटं समजावलं. रूपालीनं नीट विचारून घेतलं, बापाला होईल का, मला होईल का, माझ्या लेकरांना होईल का. नाही, नाही, नाही. तिनं फोन ठेवला. ‘आप्पा, चपला घाला.’

भाऊजींचं सँपल पूर्ण जुळलं. मी रडले. आठवडाभरानं ट्रान्सप्लांटसाठी पुण्याला गेलो. तिथं आधी पुन्हा मॅरो तपासली. वीस पेशी बघतात. चार पेशींत ते तिसरं तेरा परत आलेलं होतं.

पुन्हा केमो, पुन्हा ताप. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, ‘महिनाभर आधी आलो असतो तर?’

‘ते कुणालाच सांगता येणार नाही,’ ते म्हणाले.

आजार बराचसा दबला, पण पूर्ण नाही. तरी ट्रान्सप्लांट केलं, कारण थांबण्यात अर्थ नव्हता. भाऊजींना पाच दिवस इंजेक्शनं दिली, त्यानं अंग ठणकायचं त्याला गोळ्या दिल्या, मग मशीनवर चार तास बसवून पेशी काढल्या. ह्यांना त्या सलाइनसारख्या चढवल्या.

रूपालीचं स्थळ मोडलं. घराण्यात काहीतरी आहे, असं त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं. मी स्वतः त्यांच्या घरी गेले, सगळं समजावलं. मुलाच्या वडिलांनी चहा दिला, ऐकून घेतलं. ‘पटलं बाई तुमचं,’ ते म्हणाले, ‘पन पोरगं आमचं हाय न्हाय का?’

मी रूपालीची माफी मागितली. ती म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या काकू. आज आप्पांना गोळ्या कुटल्या द्यायच्या त्ये सांगा.’ त्या पोरीचं ऋण मी कशानं फेडणार?

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढंच करा. रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांना विचारा, आणि विचारेपर्यंत नातेवाइकांपुढं तोंड मिटून बसा. शिकलेल्यांनी तर नक्कीच.

ट्रान्सप्लांट होऊन आता चौथा महिना आहे. मागच्या तपासणीत बहुतेक पेशी भाऊजींच्या दिसल्या. बहुतेक, सगळ्या नाहीत; ह्यांच्या जुन्या काही अजून आहेत. परवा संध्याकाळी हे मास्क लावून गॅलरीत बसले होते. म्हणाले, ‘रूपालीसाठी तुळशीच्या लग्नानंतर आपण दोघं हिंडू. यंदा स्थळ मीच बघणार.’

तुळशीच्या लग्नाला अजून पाच महिने आहेत. मॅडमनी मला पुढच्या महिन्यापलीकडचं काही सांगितलेलं नाही.

‘जाऊ की,’ मी म्हणाले.