‘फाटलं’ म्हणू नका

दवाखान्याच्या तक्रारवहीत सर्वांत जास्त पानं कुणी भरली, असं तिथल्या झाडूवाल्यालाही विचारलं तर तो अर्जरावांकडे बोट दाखवेल. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागतं. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण कचेऱ्यांच्या भिंतींवरचे फलक वाचून झालेलं. गोदामाच्या वजनकाट्यात खोट आहे असं मोठ्यानं बोलले म्हणून काम गेलं, तेव्हापासून मोठ्यानं बोलणं हेच त्यांचं काम झालं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि नाक कायम वर.

गरिबाला बोलता येत नाही म्हणून आपण बोलायचं, हा त्यांचा धर्म. ‘दवाखान्यात काय बोलावं’ नावाचं पत्रकही त्यांनी स्वतः लिहून वाटलं होतं. पहिलाच नियम असा: छातीत दुखतंय म्हणा, लगेच आत घेतात. नियम अनुभवाचा होता. ‘पाठ भरून आली’ म्हणणारे दोन-दोन तास बाकावर बसलेले त्यांनी पाहिले होते.

एका सकाळी ताईचा फोन आला. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, शिवता शिवता मशीनवरून मागे कलंडले होते, घामानं निथळत होते. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. ओठांत सतत टाचण्या, त्यामुळे बोलायची सवयच नाही. अर्जराव धावले, दोघांना गाडीत घातलं. वाटेत दाजी एवढंच म्हणाले, “टरकन फाटलं रे आत.”

“दाजी, तिथं गेल्यावर फाटलंबिटलं म्हणू नका,” अर्जरावांनी समजावलं. “छातीत दुखतंय म्हणा. बाकीचं मी बघतो.”

दाजींनी मान हलवली. जन्मभर गिऱ्हाईक सांगेल तसं शिवलेलं. आता मेहुणा सांगेल तसं बोलायचं.

आणि नियम लागू पडला. पाच मिनिटांत खाट मिळाली, छातीला तारा लागल्या. अर्जरावांनी ताईकडे असं पाहिलं, जणू खाट घरून डोक्यावर वाहून आणली होती. तरुण डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहिली. थोडा फरक दिसतोय, हार्ट अटॅक असावा म्हणाले, आणि रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन तयार करायला सांगितलं. अर्जरावांनी ताईला ते इंजेक्शन असं समजावून सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं शोध यांनीच लावला.

एवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. चष्मा दोरीनं गळ्यात, चेहऱ्यावर रेषा हलत नाही. त्यांनी उजव्या हातावर रक्तदाब घेतला: एकशे सत्तर. मग डाव्या हातावर: एकशे वीस. मग पुन्हा उजव्या.

अर्जराव घड्याळ बघत होते. त्यांच्याच पत्रकात लिहिलं होतं, एकेक मिनिट मोलाचं. त्यांनी विचारलं, एका माणसाला किती वेळा मोजणार? उजव्या हातातलं रक्त वेगळं आणि डाव्यातलं वेगळं असतं का?

“आज आहे,” सिस्टर मान वर न करता म्हणाल्या.

ही थट्टाच, असं अर्जरावांनी ठरवलं. तिडीक मस्तकात गेली. तडक जाऊन त्यांनी तक्रारवही ओढली आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, की रुग्णाचा रक्तदाब दोन्ही हातांवर पुन्हा पुन्हा मोजून अत्यंत मोलाचा वेळ वाया घालवण्यात आला. खाली झोकदार सही.

परत आले तर इंजेक्शन तयार होतं, पण सिस्टरांनी डॉक्टरांना थांबवलं होतं. त्या दाजींवर वाकून विचारत होत्या, नेमकं काय झालं, तुमच्या शब्दांत सांगा.

“छातीत दुखतंय. केसपेपरवर लिहून दिलंय ना,” अर्जराव मधेच म्हणाले.

“तुम्हाला दुखतंय का?” सिस्टरांनी विचारलं.

दाजींनी अर्जरावांकडे पाहिलं. ती नजर अजून अर्जरावांना टाचणीसारखी टोचते. कुणाला कुणापुढे परवानगी मागायला लागू नये म्हणून ज्यानं उभा जन्म भांडणात घालवला, त्याच्याकडे आजारी माणूस बोलायची परवानगी मागत होता. अर्जरावांनी कशीबशी मान हलवली.

“दुखणं नव्हे, सिस्टर,” दाजी म्हणाले. “शिवण उसवते ती टाका टाका, हळूहळू. हे तसं नव्हतं. नवं कापड दोन्ही हातांनी धरून टरकन फाडावं, तसं. छातीत सुरू झालं, पाठीत गेलं. आता पोटाकडे उतरतंय.”

डॉक्टरांनी इंजेक्शन खाली ठेवलं. दाजींना तातडीनं स्कॅनला नेलं. परत आल्यावर डॉक्टर म्हणाले, हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी आतून फाटलीय, रक्त तिच्या थरांमध्ये शिरतंय, म्हणूनच दोन हातांचा रक्तदाब वेगळा. ते इंजेक्शन दिलं असतं तर रक्त थांबलंच नसतं. ऑपरेशन आत्ताच.

ताईला काही उमगेना. स्ट्रेचरवरून दाजीच म्हणाले, “अगं, अस्तर फाटलंय. कापड धरून आहे तोवर आतून दुरुस्त करायचं.”

दाजींना वर नेल्यावर ताई वळली. गाडीत त्यांना काय पढवत होतास, म्हणाली. प्रत्येक साहेबासाठी अर्जरावांकडे उत्तर तयार असायचं. इथे साहेब नव्हता.

“शब्द मी बदलला, ताई.”

“बस तिथं. आणि तोंड उघडू नकोस.”

अर्जराव सहा तास गप्प बसले. वॉर्डबॉय दोनदा येऊन बघून गेला, यांनाही भरती करायचंय की काय. संध्याकाळी डॉक्टर खाली आले आणि दाजी वाचले असं म्हणाले, तेव्हाही अर्जरावांनी आधी ताईकडेच पाहिलं, बोलू का म्हणून.

मग ते गुपचूप तक्रारवहीपाशी गेले. म्हटलं, खोडून टाकावं. पण वहीच्या पुठ्ठ्यावर नियम चिकटवलेला: एकदा लिहिलेली तक्रार कुणालाही खोडता येणार नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच अर्जामागून अर्ज देऊन तो करून घेतला होता. ‘केलेली कार्यवाही’ हा रकानाही त्यांचाच. त्यात सिस्टरांनी लिहून ठेवलं होतं: ‘तक्रार खरी आहे. दोन्ही हातांवर मोजला. पुढेही मोजू.’

शेवटचा रकाना, ‘तक्रारदाराचे समाधान झाले का?’, तोही त्यांच्याच भांडणातून आलेला. इतक्या वर्षांत तिथे त्यांनी ‘नाही’ सोडून काही लिहिलं नव्हतं. अर्जरावांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाहीसं पाहून बारीक अक्षरात ‘हो’ लिहिलं, आणि या वेळी सही साधीच केली.