फ्लेक्सवरचे तीन ‘ड’

ती घटना आठवली की आजही रक्त तापतं, आणि तापतं ते स्वतःवरच.

पारनेर तालुक्यात पोलीस ठाण्यावर नेमणुकीला होतो. सुप्यात एका ठेकेदाराच्या प्लॉटसमोर एके दिवशी सकाळी फ्लेक्स लागला: ‘गाव सोड, नाहीतर तंगडी मोडू.’ ठेकेदाराने फिर्याद दिली. दुपारी खबऱ्याचा फोन आला, अक्षर गावातल्या पेंटरचं आहे. ते मलाही दिसत होतं. ब्रशचा तो सैल, झोकदार फराटा निम्म्या दुकानांच्या पाट्यांवर होता. शिवाय याच पेंटरने ग्रामसभेत ठेकेदाराच्या निकृष्ट कामाबद्दल तोंड उघडलेलं. कागदावर लिहून फ्लेक्सवाल्याला दिलं असणार, असं धरून मी त्याला आठवडे बाजारात, शेकडो लोकांदेखत, एका दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून उतरवून ठाण्यात आणलं.

पंचांसमोर नमुना अक्षर घेतलं. गुन्हा केलेला माणूस नमुना देताना हमखास अक्षर बिघडवतो. या गड्याने तीच धमकी दहा वेळा लिहिली, आपल्या पूर्ण झोकात.

मी म्हटलं, “अरे, स्वतःच्याच गळ्यात फास घालतोयस.”

“माझं अक्षर हाय साहेब. तुमच्या भीतीनं वाकडं काढू व्हय?” मग त्याने फ्लेक्सच्या फोटोवर बोट ठेवलं. “आन् हे मी काढल्यालं न्हाई. तिन्ही ‘ड’ बघा, जसेच्या तसे. माणसाच्या हाताला हे जमत न्हाई.”

मी ट्रेसिंग पेपर मागवला. फ्लेक्सवरचे तिन्ही ‘ड’ एकमेकांवर केसभरही न हलता बसले. त्याच्या नमुन्यातले दोनसुद्धा जुळेनात. खोदून विचारल्यावर त्याला आठवलं, दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मुलीने त्याच्याकडून सगळी अक्षरं लिहून नेली होती. तिने त्यांचा फॉन्ट करून इंटरनेटवर फुकट ठेवला होता. टाईप केलं की पेंटरचं अक्षर हजर!

केडगावच्या एका फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट सापडला. ऑर्डरचा मेसेजही मोबाईलवर तसाच होता, ‘पेंटरच्या अक्षरात पाहिजे.’ पाठवणारा ठेकेदाराचा सख्खा मेहुणा; ग्रामसभेत बोलणाऱ्या पेंटरला अडकवायचा डाव. एवढ्यात वरून फोन आला, पेंटरची अटक दाखवा आणि विषय मिटवा. मी सांगितलं, पुरावा ज्याच्याकडे जातो त्याचीच अटक होईल, बदली करायची तर खुशाल करा. मेहुण्याला ताब्यात घेतलं. महिन्याभरात माझी बदलीही झाली.

पण त्याआधीचं सांगतो. पेंटरला म्हटलं, तुम्ही घरी जाऊ शकता. तो बाकावरून हलेना.

“बाजारातनं धरून आनलं तुमी. सोडायचं बी बाजारातच.”

राग आला. हा कोण मला सांगणारा? मग लाज वाटली. धरताना सगळ्यांनी पाहिलं होतं, सुटल्याचं फक्त स्टेशन डायरीला कळणार होतं. निर्दोष माणसाला नुसतं सोडून भागत नाही, हे नोकरीच्या पंचविसाव्या वर्षी मला एका पेंटरने शिकवलं.

तसा शब्द दिला, तेव्हा तो घरी गेला. पुढच्या बाजाराला वर्दी घालून त्याच्याबरोबर निघालो. त्याच दुकानापाशी थांबून चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणालो, चूक माझी होती. तो ब्रश घेऊन अर्धवट राहिलेली पाटी पुरी करायला वर चढला. खालची जमीन उंचसखल होती, म्हणून ती पुरी होईपर्यंत मी शिडी धरून उभा राहिलो.