डॉक्टरांची संघटना आणि टाकीवरचा माणूस

नव्वदच्या दशकात सातपूरला, कारखान्यांच्या भागात, माझा दवाखाना होता. शिफ्ट सुटली की बाकडी भरायची. इंजेक्शन द्या आणि उद्या कामावर जाता येईल असं करा, एवढंच बहुतेकांचं मागणं असायचं.

त्यातलाच एक पेठ तालुक्यातल्या खेड्यातला माणूस. बायको-मुलीला घेऊन इथं राहायला आलेला, एका छोट्या कारखान्यात क्रोम प्लेटिंगच्या, म्हणजे लोखंडाला चकचकीत मुलामा देण्याच्या, टाकीवर काम करायचा. नाकातून रक्त येतं म्हणून आला. मी टॉर्च मारली, तर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक.

"दुखतं का?"

"नाय साहेब. कायच कळत नाय. परवा घरात भात करपला, तरी मला वास नाय आला."

त्या टाकीच्या वाफेनं असं होतं हे शिकताना वाचलं होतं. पाहत होतो पहिल्यांदाच. त्याला कामगारांच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथून तो सर्दीच्या गोळ्या घेऊन परत आला. मग मीच त्याला स्कूटरवर बसवून नेलं. तिथला डॉक्टर माझ्याच कॉलेजातला. त्यानं नाक नीट तपासलं, पण हे कामामुळे झालं असं लिहून द्यायला तयार होईना. लिहिलं की कारखानदार कोर्टात खेचतो आणि आपले वरचे साहेब हात वर करतात, असं तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता.

मी तेव्हा आमच्या भागातल्या डॉक्टरांच्या संघटनेचा सचिव होतो. एका दवाखान्याच्या काचा फोडल्या गेल्या तेव्हा मोर्चा मीच काढला होता. डॉक्टरांना ग्राहक कायद्यात ओढू नका म्हणून भाषणंही केली होती. लोक आपलं ऐकतात असा माझा समज झाला होता. त्या महिन्याच्या बैठकीत मी विषय मांडला: प्लेटिंगच्या सगळ्या कामगारांची तपासणी संघटनेनं करावी, आणि कारखाना निरीक्षकांकडे सगळ्यांनी मिळून जावं.

कुणी विरोध केला नाही, पाठिंबाही दिला नाही. निम्मे जण कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे ठरलेले डॉक्टर होते. शेवटी अध्यक्ष, आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, कप खाली ठेवून म्हणाले, "डॉक्टर, ही संघटना डॉक्टरांची आहे. पेशंटची नाही."

विषय पुढे ढकलला गेला. मग बटाटेवडे आले. मला राग यायला हवा होता. मी वडा खाल्ला, चांगला गरम होता.

त्यानंतर एकट्यानंच जायचं ठरवलं. जाऊ का, असं त्या माणसाला आधी विचारलं. "जा साहेब," एवढंच तो म्हणाला. निरीक्षकांच्या कचेरीत मी कितीदा बसलो असेन. साहेब फिरतीवर असायचे, नाहीतर मीटिंगमध्ये. खेटे घालणं हळूहळू इतकं सवयीचं झालं की आपण कशासाठी आलोय हेही बाकावर बसल्यावर आठवावं लागे. अखेर एकदाचे ते कारखान्यात गेले. टाक्यांवर वाफ ओढून घेणारे पंखे बसले, हातमोजे आले. आणि त्या माणसाला घरी बसवलं. मी त्याचं नाव कुठंच घेतलं नव्हतं. पण नाकाला रुमाल लावून काम करणारा तिथं तो एकटाच होता.

तो सांगायला आला. पंखे चांगले लावलेत, आता बाकीच्यांना त्रास होणार नाही, असं म्हणाला. युनियनच्या वकिलाकडे जाऊ या, मी सोबत येतो, असं मी सुचवलं. त्यानं ऐकून घेतलं, नको म्हणाला आणि बिऱ्हाड घेऊन गावी गेला.

काही वर्षांनी संघटनेनं मलाच अध्यक्ष केलं. शाल, नारळ, टाळ्या. खुर्चीत बसून मी समोरचे चेहरे पाहत होतो. काहीच वाटत नव्हतं.

त्याच सुमारास त्याची बायको दवाखान्यात आली. जवळच अंबडला भावाकडे आली होती, मुलीला ताप होता. मी मुलीला तपासलं, औषध लिहिलं. तो कसा आहे विचारलं. शेती करतो, बरा हाय, म्हणाली. मग तिनं विचारलं, "साहेब, तुमी तवा गेला नसता, तर त्याचं काम राहिलं असतं का?"

तिच्या आवाजात दोष नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "राहिलं असतं."

तिनं मान डोलावली. औषध जेवणाआधी द्यायचं की नंतर, ते विचारलं. नंतर, असं मी सांगितलं, आणि ती मुलीचा हात धरून बाहेर गेली.