आमच्या अवजार बँकेचं रोवणी यंत्र

ऑफिसातल्या फायली तपासणीपुरत्या बाहेर निघतात आणि पुन्हा कपाटात जातात. किस्से मात्र रोज साचतात. मित्रांना सांगताना मी हसतो, घरी जाताना मान खाली असते.

बंगळुरूहून शिकून मी देवरीला परतलो तो गावासाठी काहीतरी करायचं म्हणून. माझ्या काकाजींनी गावात शेतकऱ्यांची कंपनी काढली होती. अनुदानातून 'अवजार बँक' मंजूर झाली. कंपनीनं यंत्रं घ्यायची आणि सभासदांना कमी भाड्यानं द्यायची. कागदपत्रं माझ्याकडे. मला वाटलं, आता गाव बदलणार!

* * *

पहिल्या सभेत मी जोरात सांगितलं, "कंपनीचे मालक तुम्हीच आहात."

मागून धुरपताबाई म्हणाल्या, "आमी मालक आवो, त खुर्च्यांवर कोण बसून रायले?" त्यांची दीड एकर धानाची बांधी आहे.

खुर्च्यांवर काकाजी, त्यांचे दोन मेहुणे आणि मी होतो.

* * *

एक म्हातारे बाबा जुना नांगर बैलगाडीत घालून ऑफिसात आले.

"बँकेत पयले जमा करा लागते ना? मंगच काढता येते."

आम्ही पोट धरून हसलो. त्या वर्षी सभासदाच्या हाती लागेल असं बँकेत तेवढं एकच अवजार होतं.

* * *

धानाची रोपं लावणारं रोवणी यंत्र आलं. त्यावर पिवळ्या अक्षरांत 'शासन अनुदानित' रंगवलं. मग ते जास्त भाड्यानं सीमेपलीकडं छत्तीसगडात जाऊ लागलं. ड्रायव्हर दिलीपभाऊ अक्षरांवर गोणपाटाचा बोरा बांधायचा. एकदा बोरा उडाला.

"कोणी पाहिलं?" मी घाबरून विचारलं.

"पायलं ना. एक जण बोलला, भैया, ये अनुदानित कौनसी कंपनी है? हमको भी दिलाओ."

* * *

पुढच्या पावसाळ्यात रोवणीचे दिवस आले. धुरपताबाईंचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार होते, पण मजूर मिळेनात. त्या ऑफिसात आल्या. "बाबू, मशीन कवा भेटन?"

काकाजींनी आतून खूण केली. "सर्व्हिसिंगला गेली," मी म्हणालो.

पाचव्या खेपेला त्या म्हणाल्या, "इतकी सर्व्हिसिंग त दवाखान्यात माणसाचीबी होत नाय. पऱ्हे गुडघ्याले आले माहे."

* * *

तपासणी लागली आणि यंत्र एका दिवसासाठी परत आलं. धुरपताबाईंना वाटलं, आपल्यासाठीच आलं. डोक्यावर पऱ्ह्यांचं टोपलं घेऊन त्या हजर. काकाजी त्यांच्या कानाशी म्हणाले, "मावशी, आज साहेबापुढं नीट बोला. उद्या मशीन तुमच्याच बांधीत."

साहेबांनी टोपल्यात पाहिलं. "बाई, या मशीनला ट्रेमध्ये वाढवलेले पऱ्हे लागतात. प्रशिक्षणात सांगितलं नाही?"

प्रशिक्षण झालंच नव्हतं. काकाजींनी प्रशिक्षणाच्या हजेरीचं रजिस्टर पुढं केलं. धुरपताबाई अंगठा लावतात. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे वळणदार सही होती. अक्षर माझं.

"ही सही तुमची?"

त्यांनी यंत्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "माहीच व्हय, साहेब."

साहेबांनी खिशातला पेन काढला. "करून दाखवा."

धुरपताबाईंनी चिखलाचे हात पदराला पुसले, पेन मुठीत धरला आणि हळूच मला विचारलं, "बाबू, कोठून सुरू करू?"